तळाची बारीक ओळ

४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

तुमच्या वृद्धाश्रमाचं इंटरनेटवरचं देणगीचं पान कालपासून सुरू झालं. त्यात मी स्वतःच्या हाताने काय काय केलं ते आधी लिहून ठेवतो, कारण तुमच्या सेक्रेटरीबाई "एका कंपनीकडून करून घेतलं" असं सांगत फिरतील.

मजकूर माझा. एकशे बारा शब्द, एकही उसना नाही. बटणावरची अक्षरं कागदावर ब्रशने सहा वेळा काढली, सहावी घेतली. त्यावर "दान करा" लिहिलेलं नाही, "मावशींना खाली आणा" लिहिलंय. दान करा म्हटलं की माणूस पाकीट चाचपतो आणि विचार करायला लागतो. बटणाचा नारिंगी चौदा छटांतून निवडला. बाईंनी नऊ रकान्यांचा फॉर्म दिला होता, मी चारच ठेवले. आजोबांचं नाव विचारून कुणाला लिफ्ट बांधता येत नाही. बाजूला लिफ्टची उभी विहीर काढली आहे. देणगी आली की तिच्यातला चौकोन तेवढा वर सरकतो. पान दोन सेकंदांत उघडतं. शिडीवरून पडून कंबर गेली आणि पाट्या रंगवणं सुटलं, तेव्हा बेचाळिसाव्या वर्षी मी घरी बसून हे शिकलो, कुणाच्या पाया न पडता. म्हणून सांगतो.

फोटो तेवढा माझ्या हातचा नाही, पण लाँड्रीवालीने कुठे उभं राहायचं ते मी पावलं मोजून कळवलं होतं. तू छान बसलीस. वरच्या मजल्याची खिडकी, लाकडी खुर्ची, तुझी करडी शाल, चेहरा जेमतेम गालापुरता, आणि तोंड बटणाच्या दिशेला. फोटोतला माणूस जिकडे बघतो तिकडे बघणारा बघतो. तुमच्याकडे राहणाऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत हा नियम मला पटतो. अकरा म्हाताऱ्यांबद्दल लिहिलं तर कुणी एक पैसा देत नाही, एकीबद्दल लिहिलं तर देतात. म्हणून ती एक मी तयार केली: खिडकीतल्या मावशी. लिफ्ट बंद पडून नऊ महिने झाले आणि नऊ महिन्यांत त्यांचा पाय मातीला लागला नाही.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आहे: "छायाचित्र प्रातिनिधिक असून यातील व्यक्ती काल्पनिक आहे." ती माझ्या आग्रहाने. पाटीवर जे लिहिलंय ते दुकानात असलं पाहिजे, नाहीतर तसं सांगितलं पाहिजे.

तुझा,
धाकटा


१५ फेब्रुवारी

चि. पेंटरास आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. श्वास घेतलेला तेवढा लिहायचा राहिला बघ. आणि फोन करू नकोस. रिसीव्हर कानाला लावला की कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि सेक्रेटरीबाई समोर बसून ऐकतात. पत्रच बरं.

बारा दिवसांत तुझा तो चौकोन जमिनीवरून हललेला नाही. बाई म्हणतात, लोक पान वाचतात, डोळे पुसतात, तळाशी जातात, तिथे "काल्पनिक" वाचतात आणि निघून जातात. त्यांचं म्हणणं मला पहिल्यांदाच पटलं. वरचे निवृत्त मास्तर आहेत ना, त्यांनी परवा मला वाटीभर माती वर आणून मागितली. नेऊन दिली. त्यांनी तिच्यात बोट खुपसलं आणि अर्धा तास बाहेर काढलं नाही. मी तिथेच उशांचे अभ्रे मोजत बसले. माझा आकडा तीनदा चुकला. बावीस वर्षांत माझा आकडा चुकलेला तुला माहीत आहे का?

तेव्हा ती ओळ काढून टाक. हरिश्चंद्राचा अवतार पुरे झाला. तुझा पाटीचा आणि दुकानाचा नियम मला पाठ आहे, पण त्या खुर्चीत मीच बसले होते की. जितीजागती. मग काल्पनिक कोण?

तुझी कंबर कशी आहे? तीन जिने उतरता येत नाहीत म्हणून खिडकीत बसून राहतोस, असं शेजारणीने कळवलं. खुर्चीला पाठीमागे उशी घे.

ताई


२३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

मोठ्यांपुढे काय बोलणार! सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ओळ काढली. मनातून पटलं नाही, पण तुझा मुद्दा खोडता आला नाही. खुर्चीत तू होतीस हे खरंच आहे.

चार दिवसांत चौकोन पहिल्या मजल्याला लागला. लोक पैसे देतात आणि वर पत्रं लिहितात. एका बाईंनी विचारलंय, मावशींना मोजे कुठल्या मापाचे लागतात. एका गृहस्थांनी लिहिलंय, आता रोज संध्याकाळी चार वाजता मी मावशींना बघतो, त्या जराशा हलतात. फोटो हलत नाही हे मी त्यांना नम्रपणे कळवलं.

रंगात एक लहानशी दुरुस्ती केली आहे. सेक्रेटरीबाई म्हणतात, मावशींबद्दल आणखी बारीकसारीक लिहा, लोकांना तेच हवं असतं. लिहितो आहे. काय लिहितो ते तुला कशाला सांगू, तू तर पान बघत नाहीस.

धाकटा


६ मार्च

चि. पेंटरास आशीर्वाद.

एक गंमत सांगते, म्हणजे अजून तरी मी गंमतच म्हणते आहे. माझी करडी शाल धुऊन आली ती निळी. लाँड्रीवालीशी मी चांगलेच दोन हात केले. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, ताई, ही तुमचीच, कोपऱ्यातला रफू बघा. बघितला. माझ्याच हातचा. निळ्या शालीवर करड्या धाग्याचा रफू. मी करड्या शालीला करडा धागा घातला होता. मग शाल निळी झाली आणि धागा करडा राहिला, हे कुठल्या साबणाने होतं?

दुसरं असं की उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकत नाहीत. डॉक्टर म्हणाले, वय. चादरीची घडी घालताना ती दोन तेवढी ताठ उभी राहतात, वर्गात बोट वर केलेल्या पोरासारखी.

आणि मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी मी टॉवेल ठेवायला वर गेले. खिडकीपाशी ती खुर्ची होती, जरा टेकले. खाली यायला उठले तर जिन्याशी पाय थांबले. दुखत नव्हते, थांबले. आज नऊ दिवस मी वरच राहते आहे. बाईंनी कोपऱ्यातली खोली दिली. खालून कुणी हाक मारली की "आले" म्हणते आणि जात नाही.

तू रागावू नकोस. लिफ्टचं सामान आलंय.

ताई


१४ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझी थट्टा पोचली. तुला कुणीतरी पान दाखवतं आणि तू मला बनवतेस. शाल मीच पडद्यावर निळी केली, कारण निळ्याशेजारी नारिंगी बटण उठून दिसतं. बोटांची ओळ मीच घातली, २६ तारखेला.

पण एका गोष्टीने मी दोन दिवस अडलो आहे. तुझं पत्र वाचून मी फोटो पाचपट मोठा करून पाहिला. कोपऱ्यात रफू आहे. त्याचा धागा माझ्याकडून रंगवायचा राहून गेला. सहा टाके, करडे. एवढे बारीक की नुसत्या डोळ्यांना पानावर दिसत नाहीत. मलाही दिसले नव्हते. तुला ते कुणी दाखवले?

तेव्हा आता परीक्षा. आमच्या कामात एक पद्धत असते. येणाऱ्यांपैकी अर्ध्यांना एक मजकूर दाखवायचा आणि अर्ध्यांना दुसरा. ज्यावर लोक जास्त देतात तो ठेवायचा. आज मी तसा एक बदल केला आहे. शिवाय चौकोन दुसऱ्या मजल्याच्या खाली वीतभर अडकला होता, म्हणून बाईंच्या सांगण्यावरून आणखी एक ओळ सगळ्यांसाठी घातली. दोन्हींत काय लिहिलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. बाईंनी पान उघडून पाहिलं तरी त्यांना दोन मजकुरांपैकी एकच दिसेल. तू मला फक्त एवढंच लिही, की तुझ्या खिडकीतून काय दिसतं.

धाकटा


२५ मार्च

चि. पेंटरास,

खिडकीतून बाग दिसते. लहान आहे, पण नीट ठेवलेली. माळी पाइप तिथेच टाकून जेवायला जातो.

खिडकीतून रस्ता दिसतो. बस थांबते, दोघं-तिघं उतरतात, फाटकाकडे बघतात आणि पुढे जातात. बाग या बाजूला नाही. कधीच नव्हती.

वरचं वाचून पाहिलं. दोन्ही माझ्याच अक्षरात आहे आणि दोन्ही खरं आहे. एक डोळा झाकला तरी तेच. पण एकाच वेळी दिसत नाहीत. कोण बघायला आलंय त्यावर असतं, असं मला वाटतं. इथे कुणीतरी सारखं बघत असतं. पाठीवर कळतं. स्वयंपाकघरात दूध तापत ठेवलं की आपण जसे लक्ष ठेवून असतो, तसं.

बाकी ठीक. आज घाईत आहे, कारण चार वाजता मुलगा येणार आहे. काल आला नाही, परवाही नाही, त्याला काम फार. तो भिंतीवर अक्षरं काढायचा, की ते दुसरं कुणी? तुम्ही त्याला ओळखत असाल तर सांगा की आई खिडकीतच आहे.

तुमच्या घरी कुणी मोठं माणूस असेल तर त्यांना भेटत जा. पत्रावर भागवू नका.

(इथे सही करायची असते, पण काय करतात ते आठवत नाही.)


३० मार्च

ताई,

तुला मुलगा नाही. तू लग्न केलं नाहीस, कारण आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि तू अठरा. भिंतीवर अक्षरं काढायचा तो मी. आपल्या न्हाणीच्या भिंतीवर कोळशाने काढायचो, आणि तू मारलं नाहीस, खडू आणून दिलास.

बाग अर्ध्यांना, रस्ता अर्ध्यांना. "मावशी रोज चार वाजता मुलाची वाट बघतात, त्यांना आता त्याचं नाव आठवत नाही" ही ओळ सगळ्यांना. त्या ओळीने चौकोन एका दिवसात दुसऱ्या मजल्यावर गेला. माझ्या कामातली सगळ्यांत चाललेली ओळ ती. मी तिच्यावर खूश होतो, हेही लिहून टाकतो.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. शेजारणीला हाताशी धरून जिना उतरायला लागलो. अकरा पायऱ्यांवर कंबर धरली आणि तिथेच बसलो. संस्थेत फोन केला तर बाई म्हणाल्या, सगळे मजेत आहेत, लिफ्टची चाचणी चालू आहे.

हे सगळं ती तळाची ओळ काढल्यावर सुरू झालं. म्हणून ती ओळ मी आज दुपारी दोन वाजता होती तशी, होती तिथे परत घातली. आता सगळं जिथल्या तिथे येईल. शाल बघ आणि लगेच कळव.

धाकटा


८ एप्रिल

महोदय,

आपण "चादरींच्या खोलीतील ताई" या नावे पाठवलेले पत्र न फोडता सोबत परत करीत आहे. या वर्णनाची कर्मचारी संस्थेत नाही. मी इथे नऊ वर्षे आहे. चादरींची मोजदाद लाँड्रीवालीच करते. तिलाही विचारले. वरच्या मजल्यावरील कोपऱ्यातली खोली रिकामी असते.

आपण फोनवर छायाचित्राचा उल्लेख केला होता म्हणून कळवते: आमच्याकडील प्रतीत रिकामी खुर्ची असून तिच्या पाठीवर शाल टाकलेली आहे. लोकांना त्यात कुणी बसलेले का वाटावे, याचेच आम्हाला आश्चर्य वाटत होते.

लिफ्ट परवा सुरू झाली. अकराही जण अंगणात जाऊन आले. निवृत्त मास्तर तासभर अनवाणी उभे होते. त्यांनी एकच विचारले, माती आणून देणाऱ्या बाई कुठे आहेत. त्यांचे वय झाले आहे.

आपली,
सेक्रेटरी


१३ एप्रिल

ताई,

हे पत्र कुठे जाईल मला माहीत नाही, पत्ता तोच घालतो आहे, आणि परत आलेलं मागचं पत्रही सोबत ठेवतो आहे.

बाईंचं पत्र सकाळी सव्वादहाला फोडलं. पहिली गोष्ट, "व्यक्ती काल्पनिक आहे" हे शब्द पुसले. मी तुला जिथल्या तिथे आणायला गेलो आणि अख्खं दुकानच पुसलं. मग लिहायला बसलो. पान पुरतं बंद करून टाकावं असं एकदा मनात आलं होतं, पण बंद पानावर तू कुठे असशील याचा विचार करून हात मागे घेतला.

दुकानाच्या पाटीसाठी अक्षरं काढायचो तेव्हा चूक झाली तर रॉकेलच्या बोळ्याने पुसता यायची. इथे तसं नाही, म्हणून एक एक शब्द कागदावर लिहून मोठ्याने वाचून मग घातला. मुलगा काढला. बाग काढली, रस्ता काढला. शाल करडी केली, या वेळी कोपऱ्यासकट. तळाच्या बारीक ओळीच्या जागी मोठ्या अक्षरांत हे लिहिलं:

"या खुर्चीत बसलेली बाई माझी सख्खी थोरली बहीण आहे. ती या संस्थेत बावीस वर्षं चादरी मोजते. तिची बोटं वाकतात, ती जिना उतरते. तिला मुलगा नाही, भाऊ आहे. तिला सगळं आठवतं."

पान उघडून बसलो आहे. खुर्चीत कुणी आहे की नाही, ते मला मोठं करून बघण्याची हिंमत होत नाही.

धाकटा


२४ एप्रिल

चि. पेंटरास अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं एकदम वाचली. न्हाणीच्या भिंतीवर तू कोळशाने पहिलं अक्षर "ज" काढलं होतंस, उलटं. आणि खडू मी आणला नव्हता, चोरला होता. शाळेच्या फळ्याखालून. आता एवढ्या वर्षांनी सांगायला हरकत नाही.

शाल करडी आहे. बोटं वाकतात. मी खालच्या खोलीत आहे. सेक्रेटरीबाई मला रोज बघतात तशाच बघतात, आणि त्यांनी तुला काही पत्र लिहिलं होतं हे त्यांच्या गावीही नाही. मास्तरांच्या मात्र आहे. मला बघून म्हणाले, आलात का, आणि माझ्या हातात मूठभर माती ठेवली.

आता एक ऐक. तू लिहिलंस, तिला सगळं आठवतं. पेंटर, मला सगळं आठवतं. बावीस वर्षांतल्या रोजच्या चादरींचा आकडा, कुठली फाटकी होती त्यासकट. कोण कुठल्या चादरीवर गेलं. आई मला घेऊन पहिल्यांदा घरी आली तेव्हा दारात कुणाच्या चपला होत्या. त्याच्याही आधीचं आठवतं. आतमध्ये अंधार नसतो. तांबूस असतं, आणि आईच्या बोलण्यातले शब्द कळत नाहीत, पण आवाज चढला की कळतं.

मधले ते चौदा दिवसही आठवतात. तेव्हा मी कुठे होते ते विचारू नकोस. खुर्ची होती, आणि समोर काच. काचेपलीकडे माणसं येत, थोडा वेळ बघत, खाली काहीतरी वाचत आणि निघून जात. मी हात हलवला, पण कुणी हलवला नाही. एकदा काचेपलीकडे तू होतास. तू बघत नव्हतास, मान खाली घालून लिहीत होतास. तुझ्या पाठीला उशी नव्हती.

तो एक शब्द, "सगळं", तेवढा काढून "बरंच" घालतोस का, असं विचारणार होते. रात्रीची झोप बरी लागली असती. पण नको. राहू दे. आता हात लावू नकोस.

ताई


६ मे

ती. ताईस सा. न.

हात लावणार नाही. बटण काढलं आहे, लिफ्ट झाली, आता कुणाकडे काही मागायचं नाही. बाकी पान जसंच्या तसं आहे. ज्या जागेवर ते राहतं तिचं भाडं मी पंधरा वर्षांचं आगाऊ भरलं आहे, आणि त्याच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, एका कागदावर लिहून शेजारणीकडे ठेवल्या आहेत, माझं काही झालं तर. तिला एवढंच सांगितलं आहे की काही करायचं नाही, फक्त बंद पडू द्यायचं नाही. आणि पाठीला उशी घेतो आहे.

काल माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. तीन जिने चढून आले, घाम पुसला, पाणीसुद्धा मागितलं नाही. कुठल्याशा मोठ्या संस्थेचे, बऱ्याच शहरांत त्यांची कामं आहेत. म्हणाले, एवढ्या थोड्या लोकांनी बघून एवढं दिलंय असं दुसरं पान आम्ही पाहिलेलं नाही. काम कुणाकडे शिकलात? म्हटलं, कुणाकडे नाही. खरं सांगतो, बरं वाटलं. मग त्यांनी कागद काढले. त्यांना पान हवं होतं, किल्ल्यांसकट, मावशींसकट. म्हटलं, मावशी नाहीत त्या, माझी बहीण आहे, वाचलं नाही का? ते म्हणाले, वाचलं, तो मजकूर आम्ही बदलू. पुढचं आवाहन त्यांनी तयारच करून आणलं होतं, नीट छापून. फोटो तोच. वर एकच ओळ होती. ती अशी:

"मावशींची खुर्ची आता रिकामी आहे."

म्हणाले, ही सगळ्यांत जास्त चालेल. ताई, ते बरोबर बोलत होते. मी हे काम जाणतो. तीच चालली असती.

कागद त्यांच्यापुढे सरकवून मी नाही म्हटलं. दारापर्यंत गेले, परत आले आणि आकडा वाढवला. तेव्हाही नाही म्हटलं. तुला पुढेमागे कुणी काही वेगळं सांगू नये म्हणून शेवटचा आकडा लिहून ठेवतो: एकोणीस लाख पन्नास हजार, एकरकमी.